पन्नास वाढीव जागा: वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशक्षमतेचे खटले कसे वाचायचे?

समजा, एका वैद्यकीय महाविद्यालयात दरवर्षी १०० विद्यार्थी एमबीबीएसला घेतले जातात. संस्थेला हा आकडा १५० करायचा आहे. इमारत आहे, रुग्णालय आहे, फी भरायला तयार असलेले पालकही आहेत. मग अडतं कुठे? अडतं एका कागदावर, म्हणजे केंद्रीय पातळीवरून मिळणाऱ्या परवानगीपत्रावर. हा कागद नाकारला गेला की संस्था उच्च न्यायालयात जाते, तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात येतं. गेली तीस वर्षं हे सुरू आहे.

पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात की कायद्यातलं संशोधन म्हणजे नेमकं करायचं काय, निकाल वाचून त्यांचा सारांश लिहायचा का? आज याच विषयाचं उदाहरण घेऊन उत्तर द्यायचा प्रयत्न करते. विषय वरवर रुक्ष वाटेल. पण पन्नास जागा म्हणजे पन्नास घरं, आणि पुढे त्या पन्नास डॉक्टरांच्या हाताखालून जाणारे हजारो रुग्ण, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी कायदा: परवानगी लागते, ती कुठून आली?

भारतीय वैद्यक परिषद कायदा १९५६ चा. मूळ कायद्यात परिषदेचं काम मुख्यतः पदवीला मान्यता देण्याचं होतं. त्यामुळे व्हायचं असं की महाविद्यालय आधी सुरू व्हायचं, जागा आधी वाढायच्या, आणि मान्यतेचा प्रश्न नंतर यायचा. तोवर विद्यार्थी आत आलेले असत. त्यांना बाहेर काढणार कसं? एकदा मुलं वर्गात बसली की नियामकाचे हात बांधले जातात. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

ऐंशीच्या दशकात खाजगी महाविद्यालयं वाढली, कॅपिटेशन फीची चर्चा देशभर झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये अध्यादेश आला आणि त्याची जागा १९९३ च्या दुरुस्ती कायद्याने घेतली. त्यातून कलम १०अ आलं. या कलमाने तीन गोष्टींसाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली: नवं महाविद्यालय, नवा किंवा उच्च अभ्यासक्रम, आणि प्रवेशक्षमतेतली वाढ. ‘पूर्व’ या शब्दावर सगळा भर आहे. आधी परवानगी, मग प्रवेश.

संस्थेने योजना सादर करायची, केंद्राने ती परिषदेकडे पाठवायची, परिषदेने तपासणी करून शिफारस करायची आणि अंतिम निर्णय केंद्राने द्यायचा, असा क्रम ठरला. निर्णय घेताना पैसा, अध्यापक, उपकरणं, रुग्णालयातल्या सोयी, मनुष्यबळाची गरज हे सगळं बघायचं. शिवाय परवानगी एकदा मिळाली की संपलं, असंही नाही. वाढीव जागांची पहिली तुकडी अंतिम परीक्षेपर्यंत पोचेतो दरवर्षी नूतनीकरण लागतं. म्हणजे एका वाढीमागे तपासण्यांची मालिका, आणि प्रत्येक तपासणीनंतर खटल्याची शक्यता.

पहिला वाद: केंद्र की राज्य?

सुरुवातीचे मोठे खटले अधिकाराबद्दलचे होते. शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आहे, तर उच्च शिक्षणातले दर्जे ठरवणं हे केंद्रसूचीतल्या ६६ व्या नोंदीत. मग जागा वाढवणं हे ‘शिक्षण’ की ‘दर्जा’?

१९९६ मध्ये तमिळनाडूतल्या एका धर्मादाय न्यासाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम १०अ आल्यावर नव्या महाविद्यालयाच्या परवानगीचं क्षेत्र केंद्रीय कायद्याने पूर्ण व्यापलं आहे. राज्याच्या विद्यापीठ कायद्यातली वेगळ्या परवानगीची अट त्याच्यापुढे टिकणार नाही. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, कर्नाटकचं प्रकरण आलं. तिथे राज्याने १९८४ च्या आपल्या कॅपिटेशन फीविरोधी कायद्याखाली जागांची संख्या ठरवली होती, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या संख्येपेक्षा जास्त होती. न्यायालयाने परिषदेचे नियम बंधनकारक मानले आणि जागा वाढवायच्या तर कलम १०अ मधूनच जावं लागेल, असं ठरवलं.

इथे संशोधकाने एक गोष्ट टिपायची. ज्या कायद्याचा हेतू कॅपिटेशन फी रोखणं हा होता, त्याच कायद्याचा आधार घेऊन जागा वाढवल्या गेल्या. कायद्याचं नाव आणि त्याचा प्रत्यक्ष वापर यांत असं अंतर दिसलं की तिथे प्रबंधाचं एक प्रकरण दडलेलं असतं.

दुसरा वाद: तपासणीत जे दिसलं ते खरं का?

अधिकाराचा प्रश्न सुटल्यावर भांडण तपासणी अहवालावर आलं. नियम आकड्यांत आहेत. १९९९ च्या नियमावलीत नंतर घातलेल्या तरतुदीनुसार, सुरुवातीच्या वर्षांतल्या महाविद्यालयात अध्यापक किंवा निवासी डॉक्टरांची कमतरता ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, किंवा खाटांचा वापर ६० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्या वर्षी नूतनीकरणाचा विचारच करायचा नाही, असं ठरलं.

आता बघा, या आकड्यांचा अर्थ सगळा ‘कोणत्या दिवशी मोजलं’ यावर अवलंबून आहे. आधी कळवून गेलं तर संस्था त्या दिवसापुरते डॉक्टर आणि रुग्ण गोळा करील, ही भीती. न कळवता गेलं तर तो दिवस नेमका सुट्टीचा, परीक्षेचा किंवा लग्नसराईचा निघेल, ही संस्थेची तक्रार. २०१३ च्या मनोहरलाल शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अचानक तपासणीची पद्धत उचलून धरली. तपासणीचा उपयोगच अचानकपणात आहे, हे त्यामागचं तर्कशास्त्र.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर धुळ्याचं घ्या. तिथल्या एका खाजगी महाविद्यालयाला १०० वरून १५० जागांची परवानगी मिळाली होती. जानेवारी २०२२ मध्ये अचानक तपासणी झाली आणि नियामकाने परवानगी मागे घेतली. संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि प्रकरण एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात आलं. बालरुग्ण विभागातली मुलं ठणठणीत दिसत होती, असं नियामकाचं म्हणणं होतं. त्यावर न्यायमूर्तींना ‘मुन्नाभाई’ चित्रपट आठवला आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. तपासणी मकरसंक्रांतीच्या सुट्टीत झाली, असा संस्थेचा युक्तिवाद होता. आजार काही संक्रांत पाळत नाहीत, अशा अर्थाचं उत्तर खंडपीठाकडून आलं.

मथळा विसरा. संशोधनाच्या दृष्टीने प्रश्न असा, की एका दिवसाच्या मोजणीवरून वर्षभराच्या स्थितीचा निष्कर्ष काढता येतो का? संख्याशास्त्र शिकलेल्यांना हा नमुना निवडीचाच प्रश्न वाटेल, आणि तो तसाच आहे. कायदा इथे एक तडजोड करतो. एकच दिवस, पण तज्ज्ञांच्या डोळ्यांनी पाहिलेला आणि न कळवता निवडलेला.

अर्थात तपासणारेही माणसंच. जून २०२५ च्या शेवटी सीबीआयने गुन्हा नोंदवला. तपासणीची गोपनीय माहिती महाविद्यालयांना आधीच पोचवली जात होती आणि त्यासाठी पैसे दिले-घेतले जात होते, असा त्यात आरोप आहे. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. पण ‘अचानक’ हा शब्द किती नाजूक आहे, ते यातून कळतं. न्यायालयं अहवालावर विश्वास ठेवतात तो अहवाल स्वच्छ आहे या गृहीतकावर.

तिसरा वाद: कॅलेंडर

वैद्यकीय प्रवेशाला शेवटची तारीख असते. २००५ च्या मृदुल धर आणि २०१२ च्या प्रिया गुप्ता या निकालांनी वेळापत्रक काटेकोर पाळायला सांगितलं. त्या वेळच्या वेळापत्रकात परवानगीपत्रासाठी १५ जुलै आणि प्रवेशासाठी ३० सप्टेंबर या तारखा होत्या.

वेळापत्रकाने शिस्त आली, पण एक नवीन डावपेचही जन्माला आला. नियामकाने उशिरा नकार दिला की संस्थेला त्रुटी दूर करायला वेळच उरत नाही. संस्थेने उशिरा याचिका केली की न्यायालयाला नीट ऐकायला वेळ उरत नाही. दोन्हीकडून घड्याळ हत्यारासारखं वापरता येतं. २०१५ च्या रॉयल मेडिकल ट्रस्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखलं. तपासणी, त्रुटी कळवणं, संस्थेचं उत्तर, पुन्हा खातरजमा या प्रत्येक पायरीला पुरेसा वेळ मिळेल असं वेळापत्रक हवं, असं सांगितलं.

चौथा वाद, आणि सगळ्यात महत्त्वाचा: अंतरिम आदेश

आता भुवनेश्वरचा खटला. या विषयात एकच निकाल वाचायचा असेल तर मी हा वाचायला सांगीन: भारतीय वैद्यक परिषद विरुद्ध कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, ६ मे २०१६.

संस्थेला २०१५-१६ साठी १०० च्या १५० जागा करायच्या होत्या. परिषदेच्या तपासणीत त्रुटी निघाल्या आणि परवानगी नाकारली गेली. संस्था ओडिशा उच्च न्यायालयात गेली. तिथे अंतरिम आदेश मिळाला आणि ५० विद्यार्थ्यांना तात्पुरता प्रवेश दिला गेला. पुढे उच्च न्यायालयाने तपासणी अहवालात स्वतः खोलात शिरून संस्थेचं म्हणणं मान्य केलं. परिषद अपिलात गेली.

सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी केल्या. पहिली, उच्च न्यायालयाने तज्ज्ञांच्या अहवालावर जणू अपील ऐकावं तशी तपासणी केली, ती चूक ठरवली. तपासणी पथकाचा वाईट हेतू, अहवालात उघड दिसणारा विपर्यास, अधिकाराबाहेरची कृती, असं काही असेल तरच हात घालायचा. दुसरी, अंतरिम आदेशाने विद्यार्थ्यांना आत घेऊ देण्याबद्दल न्यायालयांना सावध केलं. तिसरी, विद्यार्थ्यांचा दोष नाही म्हणून त्यांचे प्रवेश रद्द केले नाहीत, पण संस्थेला ५ कोटी रुपयांचा दंडवजा खर्च लावला, तो विद्यार्थ्यांकडून वसूल करायचा नाही असं बजावलं, आणि पुढची दोन वर्षं वाढीव जागा द्यायच्या नाहीत असं सांगितलं.

आता मघाचं वाक्य आठवा: एकदा मुलं वर्गात बसली की हात बांधले जातात. १९९२ मध्ये कलम १०अ आणलं ते हीच अडचण टाळायला. पण अंतरिम आदेशाच्या वाटेने तीच अडचण परत आली. या वेळी हात बांधले गेले ते न्यायालयाचे.

२०२१ च्या सरस्वती ट्रस्ट प्रकरणाशी तुलना करा. उत्तर प्रदेशातल्या त्या महाविद्यालयाने १३२ विद्यार्थी ठरलेल्या प्रवेशप्रक्रियेबाहेरून घेतले होते. वाद जागांच्या संख्येचा नव्हता, पण पेच तोच होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शिकू दिलं, पण एमबीबीएस झाल्यावर दोन वर्षं समाजसेवा करायला सांगितलं आणि संस्थेला ५ कोटी रुपये भरायला लावले. एकीकडे विद्यार्थी निर्दोष म्हणून मोकळे, दुसरीकडे थोडे जबाबदार म्हणून सेवा. रेषा कुठे ओढायची? विद्यार्थ्याला काय माहीत होतं, यावर? हा सुटलेला प्रश्न नाही, म्हणूनच तो संशोधनाचा प्रश्न आहे.

मधल्या काळातला प्रयोग

मे २०१६ मध्येच मॉडर्न डेंटल कॉलेजच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या कारभारावर देखरेख करायला निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने अनेक महाविद्यालयांना सशर्त परवानगीचा मार्ग दिला. त्रुटी दूर करू असं हमीपत्र द्या, २ कोटींची बँक हमी द्या आणि प्रवेश सुरू करा. पुढच्या तपासणीत नापास झालात तर दोन वर्षं प्रवेशबंदी आणि हमी जप्त.

कागदावर हा शहाणपणाचा तोडगा दिसतो. पण २०१७ मध्ये तपासण्या झाल्या, बंदीचे आदेश निघाले आणि याचिकांची लाट आली. ग्लोकल मेडिकल कॉलेजच्या खटल्यात, ऑगस्ट २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला कारणं देऊन नव्याने निर्णय घ्यायला सांगितलं. म्हणजे भांडण ‘त्रुटी आहेत का’ यावरून ‘नकाराची कारणं लिहिली आहेत का’ यावर आलं. प्रशासकीय कायद्याचं हे मूलतत्त्व आहे. न्यायालय निर्णय स्वतः घेत नाही, निर्णय कसा घेतला ते तपासतं.

आता काय बदललं?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ चा. २५ सप्टेंबर २०२० पासून परिषदेची जागा आयोगाने घेतली. वाढीव जागांची परवानगी आता कलम २८ खाली, आयोगाच्या मूल्यांकन आणि मानांकन मंडळाकडे आहे. एक बारीक पण मोठा बदल बघा. जुन्या कलम १०अ मध्ये वर्षभरात केंद्राचा आदेश आला नाही तर योजना मंजूर झाली असं मानलं जायचं. नव्या कायद्यात मंडळाने सहा महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. तो आला नाही तर मंजुरी आपोआप मिळत नाही, अपिलाचा हक्क मिळतो, आधी आयोगाकडे आणि मग केंद्र सरकारकडे. म्हणजे नियामक गप्प बसला तर पूर्वी फायदा संस्थेला व्हायचा, आता संस्थेला पुढचं दार ठोठवावं लागतं.

आणि वाद पुन्हा राज्यांकडे वळतोय. ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने मार्गदर्शक तत्त्वं काढली, ज्यांत राज्यात दर १० लाख लोकसंख्येमागे १०० एमबीबीएस जागा हे प्रमाण घातलं. दक्षिणेकडच्या राज्यांत जागा आधीच जास्त. तमिळनाडूने जोरदार विरोध केला आणि नोव्हेंबरमध्ये आयोगाने ही अट पुढे ढकलली. ज्या राज्यांनी आधी गुंतवणूक केली त्यांनी थांबावं का? की डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या राज्यांना आधी वाट द्यावी? १९९६ चा केंद्र-राज्य प्रश्न नव्या कपड्यांत समोर उभा आहे.

मागणीही थांबलेली नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०१४ पूर्वी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालयं आणि ५१,३४८ एमबीबीएस जागा होत्या. त्या वाढून ७३१ महाविद्यालयं आणि १,१२,११२ जागा झाल्या. जागा दुपटीहून जास्त वाढल्या तर तितके अध्यापक आले कुठून, हा प्रश्न कुठल्याही तपासणी अहवालाच्या मुळाशी असतो.

मग यात संशोधन कुठे आहे?

आता तुमच्या कामाचं. या विषयावर प्रस्ताव लिहायचा असेल तर चार गोष्टी सांगते.

एक, ‘याचिका मंजूर’ म्हणजे ‘संस्था जिंकली’ नव्हे. मी स्वतः सुरुवातीला निकालांचा तक्ता करताना दोनच रकाने केले होते, जिंकले आणि हरले. काही आठवड्यांनी लक्षात आलं की कित्येक ‘मंजूर’ याचिकांत फक्त ‘पुन्हा विचार करा’ किंवा ‘पुन्हा तपासणी करा’ एवढंच होतं, आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून गेलेली असे. सगळा तक्ता पुन्हा केला. रकाने असे ठेवा: जागा मिळाल्या, फेरविचार, फेरतपासणी, नकार कायम.

दोन, अंतिम निकालाइतकेच अंतरिम आदेश महत्त्वाचे. आणि ते कायद्याच्या अहवालग्रंथांत फारसे छापले जात नाहीत. उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवर प्रकरण क्रमांकाने शोधावे लागतात. फक्त छापील निकाल वाचलेत तर तुम्हाला निम्मीच गोष्ट दिसेल.

तीन, न्यायालयात आलेली प्रकरणं म्हणजे सगळी प्रकरणं नव्हेत. ज्यांना मुकाट परवानगी मिळाली आणि ज्यांनी नकार मुकाट स्वीकारला, ते दोन्ही गट तुमच्या नमुन्यात नाहीत. त्यामुळे ‘नियामक मनमानी करतो’ किंवा ‘संस्था फसवतात’ असा सरसकट निष्कर्ष खटल्यांवरून काढू नका.

चार, घटनेच्या तारखेला कोणता नियम लागू होता ते आधी बघा. परिषद, २०१० नंतरचं नियामक मंडळ, २०१६ नंतरची देखरेख समिती, २०२० नंतरचा आयोग, दर काही वर्षांनी चौकट बदलली आहे. २०१२ च्या निकालातलं तत्त्व आजही चालतं का, हे तपासल्याशिवाय लिहू नका. मुलाखतीत परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

शेवटी एक छोटा गृहपाठ. कलिंगाचा निकाल उघडा आणि पक्षकारांची नावं वाचा. परिषद आहे, संस्था आहे, सरकार आहे. मग ते ५० विद्यार्थी निकालात कुठे कुठे येतात, ते पेन्सिलीने खुणा करत जा. ते किती वेळा ‘निर्दोष’ म्हणून येतात आणि किती वेळा त्यांचं स्वतःचं म्हणणं म्हणून, तेही मोजा. त्यानंतर अजून एक शोध घ्या: रुग्णालयाच्या खाटेवरचा रुग्ण, ज्याच्यासाठी हे सगळे नियम आहेत, तो टक्केवारीपलीकडे कुठे दिसतो का? या दोन उत्तरांतून तुमचा संशोधन प्रश्न निघाला, तर मला कळवा.